झाडीपट्टीचा हंगाम आणि स्टुडिओतले अपडेट

वडसा आणि आसपासच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो आणि होळीच्या आगेमागे उतरतो. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांचाही ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्त्या काढण्याचा एक ठरलेला हंगाम आहे आणि तो नेमका आमच्या हंगामाच्या तोंडाशी येतो. मॅकओएस सोनोमा २६ सप्टेंबर २०२३ रोजी आली, सिकोया १६ सप्टेंबर २०२४ रोजी आणि टाहो १५ सप्टेंबर २०२५ रोजी. विंडोज ११ ची २३एच२ ही आवृत्ती ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, २४एच२ ही १ ऑक्टोबर २०२४ रोजी आणि २५एच२ ही ३० सप्टेंबर २०२५ रोजी आली. या तारखा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमचे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती आणि त्यांना जोडून होणारी नाटके, नसतात हे उघड आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान स्टुडिओच्या चालकाला हा योगायोग दरवर्षी सांभाळावा लागतो आणि त्याविषयीच आज सविस्तर लिहायचे आहे.

आमच्याकडील कामाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. नाट्यमंडळाचे शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीताचे तुकडे दसऱ्याच्या सुमारास आटोपतात. त्यानंतर हंगामभर रोज चालते ते प्रचाराच्या निवेदनाचे काम. नाटक तेच, गाणे तेच, निवेदकाचा भारदस्त आवाजही तोच; बदलते ते गावाचे नाव, तारीख आणि तिकिटाचा दर. भल्या सकाळी मंडळाच्या व्यवस्थापकाचा फोन येतो. मग कालचे सेशन, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र ठेवलेली रेकॉर्डिंगची फाइल, उघडायचे, निवेदकाचे नवे वाक्य जुन्याच्या जागी बसवायचे, त्यावर तोच कॉम्प्रेसर आणि तोच एको चढवायचा, एमपी३ काढायची आणि भोंगा बांधलेल्या गाडीच्या चालकाला व्हॉट्सॲपवर पाठवायची. गाडी सकाळीच गावातून फिरली नाही, तर रात्री मंडपातल्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि त्याचा हिशेब मंडळ आमच्याकडेच मागते. म्हणजे एकच सेशन तीन-चार महिने रोज, कोणतीही कुरकुर न करता आणि आवाजात यत्किंचितही फरक न पडता उघडले पाहिजे. अपडेटविषयीचे माझे सर्व मत या एका गरजेतून आलेले आहे.

सेतू केंद्रातला संगणक रात्रीतून अपडेट झाला तर सकाळी फार तर पडदा थोडा वेगळा दिसतो आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा लागतो. स्टुडिओतला संगणक मात्र त्याच अपडेटने आडवा होतो, आणि याचे कारण वेळेच्या हिशेबात आहे. आम्ही बहुधा ४८ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतले जातात. बफर, म्हणजे एका वेळी पुढे सरकवायचा गठ्ठा, १२८ नमुन्यांचा ठेवला, तर ऑपरेटिंग सिस्टिमला दर २.६७ मिलिसेकंदांनी एक घास इंटरफेसकडून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीकडून, घेऊन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला द्यावा लागतो आणि तितक्याच वेळात तयार झालेला दुसरा घास परत हेडफोनकडे पाठवावा लागतो. यात एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात टिकटिक ऐकू येते. बफर १०२४ केला की टिकटिक थांबते, पण तेवढा एक बफरच २१ मिलिसेकंदांचा होतो आणि जाण्या-येण्याचा मिळून विलंब त्याच्या दुपटीच्या पुढे जातो. राष्ट्रसंतांची भजने म्हणणाऱ्या मंडळाचा खंजेरीवादक समोर बसलेला असतो. त्याची बोटे चामड्यावर पडतात, हेडफोनमधला ठोका मागाहून येतो, आणि दोन ओळींच्या आत तो हेडफोन काढून मांडीवर ठेवतो. त्याला बफर समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण त्याच्या दृष्टीने चूक यंत्राची असते आणि तो बरोबरच असतो.

अपडेट झाल्यावर या अडीच मिलिसेकंदांच्या खिडकीत नवे काय शिरेल याचा नेम नसतो. वीज वाचवण्याची जुळवणी बदलून प्रोसेसर मध्येच मंदावू लागतो, यूएसबीचे तोंड काही क्षण झोपी जाते, वायफायचा नवा ड्रायव्हर प्रोसेसरला वाजवीपेक्षा जास्त वेळ अडवून धरतो, किंवा सगळ्या फायलींची सूची नव्याने बनवण्याचे काम मागे चालू होते. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे छोटे साधन यासाठी फार उपयोगी आहे. कोणता ड्रायव्हर किती वेळ अडून बसतो ते त्यात सरळ दिसते. वायफाय बंद करून ते एकदा आणि चालू ठेवून एकदा चालवले, तर निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

दोष नेहमी अपडेटचाच असतो असे मात्र नाही. २०१८ मध्ये आलेल्या काही मॅकवर यूएसबी इंटरफेसचा आवाज मध्येच तुटण्याची तक्रार जगभरातून होत होती आणि ती मार्च २०१९ मधील मॅकओएस १०.१४.४ या अपडेटनेच सुधारली. उलट जानेवारी २०२५ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी १.० प्रकारच्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारी काही डॅक उपकरणे, म्हणजे संगणकातला आवाज हेडफोन-स्पीकरपर्यंत नेणारी यंत्रे, सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्य केला आणि नंतरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. यावरून एवढेच दिसते की नवे अपडेट आल्याबरोबर घेणारा माणूस हा चाचणी करणाऱ्यांपैकीच एक असतो. ज्याच्या दारात सकाळी गाडी उभी असते त्याने ही भूमिका घेऊ नये.

मायक्रोफोनच्या परवानगीचा प्रकार तर मी आजूबाजूच्या स्टुडिओंतून वारंवार ऐकतो. मॅकओएस मोजावेपासून, म्हणजे २०१८ पासून, प्रत्येक सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर सॉफ्टवेअर चालू होते, ट्रॅक तयार होतो, रेकॉर्डचे बटण लाल होते, वेळ पुढे सरकत राहते, आणि पडद्यावर लहरींच्या जागी एक सरळ रेषा उमटत जाते. इंटरफेसवरचा दिवा मात्र गायकाच्या आवाजाबरोबर हिरवा होत असतो, म्हणजे माइक, केबल आणि माइकचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीॲम्प या सर्वांनी आपले काम केलेले असते. अशा वेळी फोनवर प्रश्न येतो, ‘‘भाऊ, दिवा तं लागून राह्यला, मंग आवाज काहून नाही येऊन राह्यला?’’ केबल बदलून, माइकला वीज पुरवणारी फँटम पॉवर तपासून आणि शेवटी माइकवरच शंका घेऊन झाल्यावर मग सिस्टिम सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या पानावरची एक कळ सरकवली जाते. परवानग्यांची ही व्यवस्था मुळात योग्यच आहे. परंतु मोठ्या अपडेटनंतर किंवा सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यानंतर ती कळ पहिल्यांदा पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

ड्रायव्हरचा प्रश्न जुन्या बाजारातून वस्तू घेणाऱ्यांना सर्वांत जास्त भोवतो, आणि आमच्याकडे बहुतेकांचे पहिले इंटरफेस जुन्या बाजारातूनच येते. इंटरफेसचे लोखंड वीस वर्षे टिकते, पण त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर जगतो. माझ्याकडील एका आठ माइकच्या इंटरफेसचे प्रीॲम्प आजही निर्दोष आहेत. मात्र ते बनवणाऱ्या कंपनीने त्याचा ड्रायव्हर काही वर्षांपूर्वी बंद केला आणि ते आता केवळ जुन्या संगणकाशीच बोलते. ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या, संगणकांवर जुन्या पद्धतीचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारे, ड्रायव्हर टाकायचे तर रिकव्हरीमध्ये जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. फायरवायर या जुन्या जोडणीचे तर प्रकरणच संपले, कारण टाहोने फायरवायरचा आधार पूर्णपणे काढून टाकला आहे. म्हणून कोणी नागपूरहून एखादे फायरवायर इंटरफेस फार स्वस्तात मिळत असल्याचे सांगतो, तेव्हा मी त्याला किमतीविषयी काही बोलत नाही. ते कोणत्या संगणकाला आणि कोणत्या आवृत्तीला जोडणार एवढेच विचारतो. ड्रायव्हरशिवाय, यूएसबीच्या प्रमाणित ऑडिओ पद्धतीवर चालणारे इंटरफेस मिळत असेल, तर दोन पैसे जास्त मोजून तेच घ्यावे असे माझे मत आहे.

प्लगइनची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, कथा याहून लांब आहे. मॅकओएस कॅटालिनाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२ बिटची सर्व सॉफ्टवेअर बंद केली आणि त्याबरोबर कित्येक जुने प्लगइन एका रात्रीत निकामी झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले. इंटेलसाठी लिहिलेले प्लगइन त्यांवर रोझेटा २ या अनुवादकाच्या आधाराने चालतात, पण तो आधारही कायमचा नाही. मॅकओएस २७ पर्यंत रोझेटा पूर्णपणे उपलब्ध राहील आणि त्यानंतर तिचा फारच थोडा भाग शिल्लक राहील असे ॲपलने २०२५ मध्ये सांगितले आहे; इंटेल मॅकसाठी तर टाहो हीच शेवटची आवृत्ती आहे. विंडोजकडे हा बदल सावकाश झाला, म्हणून तेथील लोक गाफील राहिले. संगीताचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून प्लगइनच्या व्हीएसटी२ या जुन्या पद्धतीचा आधार २४ महिन्यांत काढण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या भागातील कित्येकांच्या सेशनमध्ये व्हीएसटी२ खेरीज दुसरे काही नव्हते.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो. एखादे मंडळ चार-पाच वर्षांपूर्वीचे गाजलेले नाटक पुन्हा उभे करते. निर्माता येऊन सांगतो की शीर्षकगीत तेच ठेवायचे, फक्त एक अंतरा नव्या गायिकेकडून म्हणवून घ्यायचा. सेशन उघडते, पण उघडताच न सापडलेल्या प्लगइनची यादी पडद्यावर येते. तबल्यावरचा कॉम्प्रेसर नाही, क्लॅरिनेटवरचा रिव्हर्ब नाही, सिंथचा जो स्वर सबंध गाण्याच्या मागे भरलेला होता तो तर ध्वनिमुद्रित नव्हताच. प्लगइन त्या वेळी तो स्वर जागच्या जागी वाजवत होते. उरतात त्या केवळ मिडीच्या पट्ट्या, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या नोंदी. अशा वेळी गाणे पुन्हा जुळवता येते, पण ते ‘तेच’ गाणे राहत नाही, आणि ज्यांनी ते गाणे भोंग्यावर शेकडो वेळा ऐकलेले असते त्या प्रेक्षकांना हा फरक कळतो.

यावर एकच भरवशाचा उपाय आहे. काम संपल्याच्या दिवशीच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवायचा. एकदा प्लगइनसह आणि एकदा प्लगइनशिवाय. सोबत गाण्याची लय, पट्टी आणि वापरलेल्या प्लगइनची नावे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी जागा घेतो. सहा मिनिटांच्या गाण्याचे २४ ट्रॅक धरले तर सव्वा जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर अशा आठशेच्या घरात प्रती मावतात, त्यामुळे जागेची सबब चालत नाही. वेव्ह फाइल कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आपले काम कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकापासून सोडवून घेण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

परवान्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण अपडेटनंतर पहिली हरकत पुष्कळदा तेच घेतात. मोठा बदल झाला की काही सॉफ्टवेअरला संगणक नवा वाटतो आणि ते पुन्हा इंटरनेटवरून ओळख पटवायला सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे फायबर तुटले की दोन-दोन दिवस जोडणी येत नाही आणि मोबाइलचे नेटवर्क विजेबरोबर जाते. सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणाऱ्या आयलॉकचा परवाना क्लाउडवर ठेवला तर काम चालू असेपर्यंत इंटरनेट अखंड लागते. म्हणून गावात स्टुडिओ चालवणाऱ्याने आयलॉकची यूएसबीत खोचायची कळच (डोंगल) घ्यावी. स्टाइनबर्गच्या ई-लायसेन्सर या अशाच जुन्या परवाना-कळीची सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. कळीवर आधीच असलेले परवाने चालतात, पण नवे सक्रिय करणे किंवा हलवणे आता होत नाही. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना मोडून फुकट वापरलेल्या, प्लगइनविषयी मी उपदेश करणार नाही. ते आमच्या भागात किती वापरले जातात हे सर्वांना ठाऊक आहे. एवढेच म्हणतो की क्रॅक वापरणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू अपडेट असतो, कारण अपडेटनंतर त्याचे काय मोडले हे विचारायला त्याच्याजवळ कोणी नसते. रीपरसारखे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते, त्याचा लहान व्यवसायासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे, आणि ते नव्या विंडोजप्रमाणे एक्सपीवरही चालते. जुने यंत्र सांभाळणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

जुन्या पिढीतील ध्वनिमुद्रक सांगत की चालते यंत्र कधीही हलवू नये, त्याला इंटरनेट दाखवू नये आणि दहा वर्षे त्यावर काम करावे. हा सल्ला त्या काळात बरोबर होता, कारण गाणी सीडीवर यायची आणि जायची. आज निवेदन व्हॉट्सॲपवर येते, गाणे यूट्यूबवर जाते, वाद्यवृंदाचा ट्रॅक कोणी नागपूरहून ड्राइव्हवर पाठवतो. संगणक जगापासून तोडून ठेवणे शक्य राहिलेले नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे आमच्याकडील कित्येक चांगली यंत्रे अधिकृतपणे पुढे जाऊच शकत नाहीत. अशी यंत्रे भंगारात काढू नयेत. माझ्याकडचे असे एक यंत्र इंटरनेटशिवाय जुनी सेशन उघडण्यासाठी राखून ठेवलेले आहे आणि वर सांगितलेले आठ माइकचे इंटरफेस त्यालाच जोडलेले असते. फायली पेनड्राइव्हने जातात-येतात आणि पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासला जातो.

मुख्य यंत्राचे मोठे अपडेट मी रोवणीच्या दिवसांत करतो. मार्च-एप्रिल भीमजयंतीच्या गाण्यांत जातात, मे महिन्यात लग्नसराई असते आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात यंत्रे व माणसे दोन्ही तापलेली असतात. मृगाच्या सरी विजांसह येतात, त्या काळात संगणकाच्या गाभ्याला हात लावणे मला पटत नाही. जुलैत धानाची रोवणी लागली की गायक, वादक आणि निर्माते सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात आणि स्टुडिओकडे कोणी फिरकत नाही. योगायोग असा की आदल्या शरद ऋतूत आलेल्या आवृत्तीच्या बहुतेक दुरुस्त्या तोवर होऊन गेलेल्या असतात, सोनोमाची १४.६ आणि सिकोयाची १५.६ या दोन्ही आवृत्त्या २९ जुलैलाच आल्या, एक २०२४ मध्ये आणि दुसरी २०२५ मध्ये. म्हणजे मी जगापेक्षा जवळजवळ वर्षभर मागे असतो, आणि तरीही सुरक्षेच्या दृष्टीने उघडा पडत नाही, कारण विंडोज ११ च्या होम आणि प्रो प्रकारांच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने आधार मिळतो आणि ॲपलही मागील दोन आवृत्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या देत आलेली आहे.

मधल्या काळात सुरक्षेची छोटी अपडेट पूर्ण बंद ठेवणे मला धोक्याचे वाटते. ती मी सोमवारी दुपारी, हातात काम नसताना, स्वतः बसून घेतो. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जच्या साधनातून लक्ष्य आवृत्ती लिहून ठेवली की संगणक त्या आवृत्तीचा आधार संपेपर्यंत पुढे उडी मारत नाही. होममध्ये ही सोय नाही. तेथे पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येते, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर ती जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजका डेटा असलेली, म्हणून नोंदवावी, म्हणजे डेटाही वाचतो आणि मोठी डाउनलोड मागच्या दाराने सुरू होत नाहीत. मॅकवर स्वयंचलित अपडेटच्या पानावर जाऊन नव्या आवृत्त्यांची कळ बंद आणि सुरक्षा फायलींची चालू ठेवावी.

अपडेटच्या आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढणे अनिवार्य आहे. विंडोजसाठी मी क्लोनझिला वापरतो. ते दिसायला ओबडधोबड असले तरी विनामूल्य आहे. मॅकवर बिग सरपासून प्रणालीचा भाग वेगळा व मोहरबंद असल्याने पूर्वीसारखी थेट सुरू होणारी नक्कल करणे अवघड झाले आहे. तेथे टाइम मशीनची ताजी प्रत आणि जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर भरलेला पेनड्राइव्ह हाताशी असावा. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय आणि संगणकाला वेगळा यूपीएस असल्याशिवाय सुरुवात करू नये. बायोसचे, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच जाण्याची शक्यता असते आणि आमच्या फीडरचा भरवसा कोणी देत नाही.

अपडेटनंतरची चाचणी नव्या रिकाम्या सेशनवर घेणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. रिकामे सेशन नेहमीच चालते. मी मागील हंगामातील सर्वांत जड गाणे उघडतो, त्याची पूर्ण लांबीची एमपी३ काढतो, ती अपडेटपूर्वी काढलेल्या एमपी३ शेजारी ठेवून ऐकतो. मग सगळे माइक लावून अर्धा तास सलग रेकॉर्ड करतो आणि मध्येच फोन, वायफाय, प्रिंटर हे सगळे मुद्दाम चालू करतो. यात काही अडले तर प्रतिमा परत चढवतो आणि त्या वर्षी जुनीच आवृत्ती राहते. त्याने काही बिघडत नाही.

सध्या माझ्या मॅक मिनीवर सिकोया आहे आणि त्यावर रोझेटाच्या आधाराने चालणारे तीन प्लगइन उरले आहेत. त्यांपैकी दोघांच्या कंपन्यांनी नव्या चिपसाठीच्या आवृत्त्या काढल्या आहेत; तिसरा, ज्याने निवेदकाच्या आवाजाला तो ओळखीचा घोगरा भार येतो, त्याच्या कंपनीकडून काहीच हालचाल दिसत नाही. त्याच्या जागी काय बसेल याची शोधाशोध पुढच्या रोवणीपूर्वी, निवेदकाला शेजारी बसवूनच करावी लागणार आहे.